कोकमाची बरणी फसफसते? रातांबे साखरेत घालताना या चुका टाळा

मे महिन्यात रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, टोपली घरात आली की आठ दिवसांत फोन सुरू होतात. "काकू, बरणी फसफसली!" मी एवढंच विचारते, साखर किती घातलीस? उत्तर ठरलेलं: "फार गोड नको म्हणून निम्मीच."

तिथेच चुकतं. एक किलो सालीला दोन किलो साखर हे प्रमाण गोडीसाठी नाही. सालीतली प्रत्येक पेशी म्हणजे रसाने तट्ट फुगलेली पिशवी. तिच्या पटलातून पाणी सहज जातं, साखर सहजी जात नाही. बाहेर दाट साखर पडली की आतलं पाणी तिच्याकडे धावतं. शाळेत याला परासरण म्हणायचे आणि निम्मा वर्ग दिशा उलटी लिहायचा. लक्षात ठेवायची सोपी खूण: पाणी पातळाकडून दाटाकडे जातं. पाणी गेलेली पेशी आक्रसते, मरते, मग पटल गळकं होतं आणि आंबटपणा, लाल रंग सगळं पाकात उतरतं. बरणी फसफसवणाऱ्या यीस्टचीही गत तीच. दाट पाकात त्याच्याच पेशीतलं पाणी ओढलं जातं, वाढणार कुठून? निम्म्या साखरेत मात्र त्याची चंगळ! माझीही पहिली बरणी अशीच गेली होती. तोंडाला बांधलेला दादरा (फडकं) फुगून वर आला होता.

दुसरी चूक घाईची. पहिल्या दिवशी साखर कोरडीच दिसते, म्हणून कुणी वाटीभर पाणी ओततं. ओढ तिथेच कमी झाली. उन्हात ठेवा, पाणी सालच सोडेल. धुतलेले रातांबेही पुसून, सुकवूनच फोडा. अख्खे घालू नका, गुळगुळीत सालीतून रस लवकर सुटत नाही.

उकळून रंग काढणारेही आहेत. निघतो, मिनिटांत निघतो, कारण उष्णतेने पटलंच मोडतात. बीट उकळताना पाणी लाल होतं ते यामुळेच. पण ताज्या रातांब्याचा वास हरवतो, मला ते पटत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको, आंबट रस ते खातो. काच किंवा चिनी माती बरी.

पाक नुसता पातळ वाटला, वास ठीक असेल, तर लगेच साखर वाढवा. बुरशी दिसली तर सगळं टाका. आणि फेस येत असताना झाकण घट्ट लावू नका, आतल्या वायूने काचेची बरणी फुटते.