‘आणि’ने ओवलेला निबंध

सातवीच्या वर्गाला मी पहिला निबंध दिला तो ‘आमच्या गावातील पाणीटंचाई’. सांगोला तालुक्यातली मुलं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघत वाढलेली. पानं भरून लिहितील असं वाटलं होतं. 31 वह्या तपासल्या. जवळजवळ प्रत्येकीची सुरुवात ‘पाणी म्हणजे जीवन’, शेवट ‘म्हणून आपण सर्वांनी पाणी जपून वापरले पाहिजे’, आणि मधला मजकूर असा: विहीर आटते आणि टँकर येतो आणि बायकांना लांब जावे लागते आणि पाऊस पडत नाही आणि जनावरांचे हाल होतात.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातली एक मुलगी सांगत होती, “बाई, आमच्या बोअरला चांगलं पाणी होतं. शेजारच्यांनी आमच्यापेक्षा खोल बोअर मारली, तवापासनं आमची मोटर गुळण्या टाकाय लागली. मग आप्पांनी डाळिंबाच्या निम्म्या ओळी सोडून दिल्या.” तिच्या निबंधात यातलं एक अक्षर नव्हतं.

आधी काय होतं, कशामुळे बिघडलं, त्यातून काय झालं, घरच्यांनी काय मार्ग काढला, हे सगळं त्या तीन वाक्यांत नीट लागलेलं होतं. नव्यानं वर्गावर उभ्या राहणाऱ्या शिक्षकांना मला सांगायचं आहे ते एवढंच: मजकुराची रचना मुलांच्या तोंडात आधीपासून असते. ती त्यांना ऐकू आणून द्यायची, तिला नाव द्यायचं आणि वहीत उतरवताना हात द्यायचा. हे मला उशिरा कळलं, आणि त्याआधी मी बऱ्याच चुका केल्या.

पहिली चूक घाईची. माहितीपर मजकुराच्या मुख्य रचना पाच धरतात: वर्णन, क्रम, कारण-परिणाम, तुलना आणि समस्या-उपाय. अमेरिकेत संशोधक बॉनी मेयर यांनी 1970 च्या दशकापासून यावर काम केलं. लेखकानं वापरलेली रचना ज्या मुलांच्या ध्यानात येते त्यांना वाचलेलं जास्त आठवतं, असं त्यांना दिसलं. हे वाचून मी पाचही रचनांचा रंगीत तक्ता करून भिंतीवर लावला आणि आठवड्यात पाचही ‘घेतल्या’. मुलांनी नावं पाठ केली. विचारलं की धडाधड सांगायची. निबंध मात्र पहिल्यासारखेच आले.

तक्ता काढून टाकला आणि रचनेच्या नावाऐवजी प्रश्न वापरायला लागले. ते कसं आहे? आधी काय, मग काय? का झालं आणि त्यानं काय झालं? यात आणि त्यात वेगळं काय? अडचण काय होती, वाट कशी काढली? लिहायला बसलेल्या मुलाला ‘कारण-परिणाम रचना वापर’ म्हटलं की तो तोंडाकडे बघतो. ‘तुझ्या वाचणाऱ्याला यातलं काय विचारावंसं वाटेल?’ असं म्हटलं की तो विचार करायला लागतो. नावं नंतर आली तरी चालतात. एका रचनेला निदान तीन आठवडे द्या.

सुरुवात क्रमानं करा, तो सगळ्यांत सोपा. आमच्याकडे जानेवारीत हुरड्याचे दिवस असतात. मुलांकडून तोंडी सांगून घेतलं आणि त्यांचीच वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहिली. दाणे दुधात असलेली कणसं खुडायची, आगटी (कणसं भाजायची शेकोटी) पेटवायची, आर (निखारे) झाला की कणसं भाजायची, हातावर चोळायची, पाखडायचं, शेंगदाण्याच्या चटणीसोबत खायचं. पट्ट्या मिसळून गटांना वाटल्या. एका गटानं आगटी आधी लावली, दुसऱ्यानं कणसं आधी खुडली, आणि दोघांचा कडाक्याचा वाद झाला. तो वाद मी मुद्दाम मिटवला नाही. कुठल्या दोन पायऱ्या अदलाबदल करता येतात आणि कुठल्या येत नाहीत, हे त्यातून त्यांचं त्यांना उमगलं. भाजण्याआधी चोळता येत नाही, पण आगटी आणि खुडणं मागेपुढे चालतं.

मग लिहायला सांगितलं तेव्हा ‘आणि’ची जागा ‘मग’नं घेतली. मग हे केलं, मग ते केलं. इथे मराठीचं आपलं हत्यार आहे, ते द्या: ‘ऊन’ लागलेली धातुसाधितं. ‘कणसं खुडून, आगटीत भाजून, हातावर चोळून दाणे काढले.’ चार ‘मग’ गेले आणि वाक्य धावायला लागलं. मुलं हे रूप बोलताना दिवसभर वापरतात. वहीत ते वापरलं तर चालतं, हे कुणीतरी सांगावं लागतं.

कारण-परिणामाला मी सगळ्यांत जास्त वेळ देते, कारण तिथे व्याकरणाचा तास आणि लेखनाचा तास एकत्र येतो. उभयान्वयी अव्ययांचे प्रकार मुलं यादी म्हणून घोकतात: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, पुढे स्वरूप, उद्देश, कारण आणि संकेत. या यादीकडे जरा वेगळं बघा. मजकूर जोडायचे सांधेच आहेत ते. ‘परंतु’, ‘पण’ तुलनेला लागतात, ‘जर-तर’ अटीला, ‘कारण’ आणि ‘म्हणून’ कार्यकारणाला. मी ही यादी आता वेगळी घोकून घेत नाही. ज्या रचनेचं लेखन चालू असेल तेव्हा तिथलं अव्यय शिकवते.

यात एक खड्डा आहे, त्यात मी पडले. मुलांना सांगितलं, ‘म्हणून’ दिसलं की कारण-परिणाम ओळखायचं. दुसऱ्याच दिवशी एकानं वाक्य आणलं: ‘मंगळवेढा ज्वारीचं कोठार म्हणून ओळखलं जातं.’ यात परिणाम कुठे आहे? कुठेच नाही. ‘म्हणून’ तीन कामं करतं. ‘पाऊस लांबला म्हणून पेरणी लांबली’ यात परिणाम आहे. ‘पाणी टिकावं म्हणून शेततळं खोदलं’ यात उद्देश आहे. आणि मंगळवेढ्याच्या वाक्यात ते नुसती ओळख सांगतं. तेव्हापासून मी खुणेचा शब्द शोधायला लावते, पण तिथे थांबत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते वाचून दाखवायला सांगते. पहिल्या बाजूला घडलेली गोष्ट असेल तर परिणाम, मनात धरलेली गोष्ट असेल तर उद्देश. सहावी-सातवीच्या मुलांना हा फरक छान पकडता येतो.

आणखी एक सराव जरूर करून बघा. एकच गोष्ट, डाळिंबावर पडलेल्या तेल्या रोगाची, तीन प्रकारे लिहायची: ‘तेल्या पडला, म्हणून बाग काढली.’ ‘बाग काढली, कारण तेल्या पडला.’ ‘तेल्या पडल्यामुळे बाग काढली.’ मुलांना विचारते, कुठल्या वाक्यात जीव बागेत आहे आणि कुठल्यात रोगात? डाळिंबाच्या पट्ट्यात तेल्यानं आणि पुढे खोडकिड्यानं बागाच्या बागा गेलेल्या मुलांनी पाहिल्यात. हा प्रश्न त्यांच्यासाठी नुसता भाषेचा नसतो. उत्तरं देताना वर्ग गंभीर होतो.

तुलनेत मुलं नेहमी एकाच जागी अडकतात. आधी एका गोष्टीबद्दल दहा वाक्यं, मग दुसरीबद्दल दहा वाक्यं, आणि दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही. यावर उपाय म्हणजे लिहिण्याआधी निकष ठरवणं. मालदांडी ज्वारी आणि संकरित ज्वारी घेतली. घरी आजी-आजोबांना विचारून यायला सांगितलं. डावीकडच्या रकान्यात मुलांनीच निकष लिहिले: हंगाम, ताटाची उंची, दाणा, भाकरी, कडबा, उतारा (म्हणजे उत्पन्न). मालदांडी रब्बीची, उंच, दाणा मोत्यासारखा, कडबा जनावरं आवडीनं खातात. खरिपातली संकरित बुटकी, उतारा जास्त, पण काढणीला पाऊस लागला की दाणा काळा पडतो. रकाने भरले की ‘जितका-तितका’, ‘जसा-तसा’, ‘याउलट’ या जोड्या फळ्यावर लिहिते, त्यांतल्या दोन तरी वापरायच्या. ‘तर’चा हा उपयोगही इथेच शिकवा: ‘मालदांडी रब्बीत येते, तर संकरित खरिपात.’ आजोबांनी सांगितलेलं वहीत आलेलं पाहून एका मुलानं वही घरी नेऊन त्यांना वाचून दाखवली.

वर्णन आणि समस्या-उपाय यांवर फार लिहीत नाही. वर्णन करताना डोळा कुठून कुठे फिरणार ते आधी ठरवा, एवढं सांगितलं तरी काम होतं. समस्या-उपायात मुलं उपायावर उडी मारतात. अडचण नेमकी कुणाची, हे एका वाक्यात लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

पुढे नववी-दहावीला जाणाऱ्यांसाठी वैचारिक लेखन येतं. त्यासाठी आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वीचा नमुना आहे. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त प्रत्येक ठिकाणी तीन भाग असतात: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टान्त पंथाचे संस्थापक चक्रधरांचे, दार्ष्टान्तिक ग्रंथाचे संकलक केसोबासांनी जोडलेलं. मुलांच्या भाषेत मत, दाखला, आणि दाखल्याचा मताशी सांधा. मुलं मत लिहितात, दाखलाही देतात, पण तिसरा भाग हमखास गाळतात. ‘केसोबासांचं वाक्य कुठंय?’ असं मी समासात लिहिते, आणि आठवीच्या मुलांना ते बरोबर कळतं.

आता कृतिपत्रिकेविषयी, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेविषयी. ओघतक्ता पूर्ण करा, फरक स्पष्ट करा, कारणे लिहा, आकृतिबंध पूर्ण करा. या कृती म्हणजे या रचनांचेच सांगाडे आहेत. मुलं उतारा वाचून चौकटी भरतात, गुण मिळवतात आणि पान उलटतात. तोच प्रवास उलटा करून घ्या. भरलेला ओघतक्ता द्या, उतारा झाकून ठेवा आणि चौकटींवरून परिच्छेद लिहायला सांगा. मग मूळ उताऱ्याशी ताडून बघायचं. माझ्या अनुभवात सगळ्या खटाटोपात याच एका सरावाचा उपयोग सर्वांत जास्त झाला.

आणि इतर विषयांच्या तासांत डोकवा. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. चंद्र-सूर्याच्या आकर्षणाचं कारण, मग उधाणाच्या आणि भांगाच्या भरती-ओहोटीची तुलना. एकाच धड्यात दोन रचना. खरा मजकूर असाच मिसळलेला असतो, म्हणून ‘या पाठाची रचना कोणती?’ असा प्रश्न विचारू नका. ‘या परिच्छेदाची कोणती?’ असं विचारा. परिच्छेद बदलतो तिथे रचना का बदलली, यावर बोला.

तपासण्याबद्दल एकच विनंती. पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा करू नका. रचना हलत असताना वेलांट्या दुरुस्त केल्या की मूल घाबरून आहे तेच सुवाच्य अक्षरात उतरवून काढतं. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात नक्की बघा, तेही महत्त्वाचं आहे. पहिल्यावर समासात फक्त एक प्रश्न लिहा, आणि तो खरा प्रश्न असू द्या, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा.

त्या मुलीला मी तिचंच बोलणं कागदावर लिहून दिलं आणि म्हटलं, इथून सुरू कर. तिनं लिहिलं, ‘आमच्या बोअरला मागच्या वर्षापर्यंत पाणी होते. शेजाऱ्यांनी जास्त खोल बोअर मारल्यामुळे आमचे पाणी कमी झाले, म्हणून आप्पांनी डाळिंबाच्या निम्म्या ओळी सोडून दिल्या.’ मी समासात विचारलं: राहिलेल्या निम्म्या कशा निवडल्या? दुसऱ्या दिवशी वहीत दीड पान होतं. कुठल्या ओळी विहिरीजवळच्या, कुठल्या मुरमाड जमिनीतल्या, कुठली झाडं आईनं लावलेली, आणि शेवटी आप्पांनी काय ठरवलं ते.