हँडशेक झाला, तरी घरचा कॅमेरा उघडेना

नांदेडच्या लॉजवर ट्रॅव्हल राउटर (प्रवासात न्यायचा छोटा राउटर) वायफायला जोडला, वायरगार्डचा (घरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या व्हीपीएनचा) हँडशेकही, म्हणजे दोन्ही टोकांचा पहिला संपर्कही झाला. पण लातूरच्या घरचा कॅमेरा दिसेना. कारण, लॉजवर आणि घरी दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४ हेच नेटवर्क (पत्त्यांचा गट), त्यामुळे कॅमेरा लॉजच्याच नेटवर्कवर शोधला जात होता. घरचं बदलून १९२.१६८.४७.०/२४ केलं, वायरगार्डच्या ‘अलाउड आयपीज’मध्येही (व्हीपीएनमधून जायच्या पत्त्यांची यादी) तेच टाकलं, कॅमेरा लगेच आला. हे बदल घरी असतानाच करा, लांबून करायला गेलात तर अडकाल.

हँडशेकच होत नसेल तर घरच्या राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेटच्या बाजूचा आयपी) बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर ते सीजीनॅट, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. मग राउटरवर वायरगार्डचं पोर्ट, यूडीपी ५१८२०, कितीही फॉरवर्ड करा, उपयोग नाही. इंटरनेट कंपनीकडे पब्लिक आयपीच मागा.

वेबपानं अर्धवट अडकली तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० वरून १२८० करा. किल स्विच (व्हीपीएन तुटला की इंटरनेट थांबवणारी सोय) हवाच, पण लॉजचं लॉगिन उरकल्यावर. घरच्या राउटरला छोटा यूपीएसही लावा, लाइट गेली की सगळं बंद.