मंडळाची वर्गणी आणि मदतनिधी: या चुका टाळा

"गेल्या वर्षीचा हिशोब कुठे लावला होता रे?" पावतीपुस्तक घेऊन दारात उभं राहिल्यावर एका काकूंनी हे विचारलं आणि आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत राहिलो. पैसे कुणी खाल्ले नव्हते. हिशोब लिहिलेलाही होता, पण माझ्या वहीत, माझ्या कपाटात. आदल्या वर्षी ५०१ देणाऱ्या काकूंनी त्या वर्षी ५१ दिले.

मंडळाची खजिनदारी मी अकरा वर्षं केली. गणपती, शिवजयंती, वर्षातून एक रक्तदान शिबिर, कुठे पूर आला की मदतफेरी. वर्गणी कमी पडली की आम्ही लोकांना चिक्कू म्हणायचो. खरं तर कारभार आमचाच गबाळा होता.

पुस्तक कुणाकडे आहे?

छापखान्यातून पुस्तकं आली की कार्यकर्ते ती भराभर उचलतात. थांबवा. कुठलं पुस्तक कुणाकडे, कितीपासून कितीपर्यंतचे क्रमांक, हे वहीत लिहून समोर सही घ्या. परत आलं की स्थळप्रती (पुस्तकात आपल्याकडे उरणाऱ्या प्रती) मोजा आणि तिथल्या तिथे पैसे जुळवा. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही. दोन्ही प्रतींवर आडवी रेघ मारून "रद्द" लिहायचं आणि पुस्तकातच ठेवायची. आमचं एक पुस्तक विसर्जनानंतर आठवड्याने ढोलाच्या खोळीत सापडलं. त्यातल्या २३ पावत्या फाडलेल्या होत्या, पैसे त्या मुलाच्या घरी डब्यात जसेच्या तसे. मुलगा प्रामाणिक होता, पण तो आठवडा गल्लीत त्याच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते त्याच्या आईला अजून आठवतं. पुस्तक खरंच हरवलं, तर त्याच दिवशी क्रमांक फलकावर लिहा आणि या पावत्यांवर पैसे देऊ नका असं सांगा. लपवलंत की संशय वाढलाच.

दुसरी गोष्ट परवानगीची. मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल, तर वर्गणीला निघण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्येच ही तरतूद आहे. अर्ज ऑनलाइन होतो, उत्सव संपल्यावर हिशोबही द्यावा लागतो. "एवढ्याशा गल्लीला कोण विचारतंय" असं म्हणणारे प्रत्येक मंडळात दोघे तरी असतात. विचारणारा दुकानदारच निघतो, आणि परवानगीचा कागद दाखवला की तो मुकाट्याने गल्ल्यात हात घालतो.

कुणाच्या तरी मुलाचा क्यूआर कोड

मांडवाच्या खांबावर क्यूआर कोड चिकटवायचा आणि तो कुठल्या तरी कार्यकर्त्याच्या खासगी खात्याचा असायचा, ही आता सर्रास दिसणारी चूक. आम्हीही केली. दुधाचं बिल, मित्रांची उसनवारी, मोबाइलचा रिचार्ज आणि वर्गणी एकाच खात्यात. शेवटी दोन रात्री बसून ते खातं उलगडलं. आपल्याकडे १०१, २५१, ५०१ अशी वर्गणी द्यायची पद्धत आहे म्हणून निभावलं. शेवटी एक आहे ते मंडळाचं, असं धरून खुणा करत गेलो. त्यातही एक ५०१ मामाने परत केलेल्या उसन्या पैशांचे निघाले, आणि सरळ ५०० पाठवणारे तिघे यादीतून गळाले ते वेगळेच. तिघांनीही नंतर पावती मागितली.

खातं मंडळाच्या नावाचं आणि पैसे काढायला दोन सह्यांचं हवं. त्याला कागदपत्रं लागतात, बँकेत दोन-चार खेटे होतात, म्हणून हे काम मांडवाच्या आठवड्यात नाही, उन्हाळ्यात करायचं. ऑनलाइन वर्गणीलाही पावती फाडायचीच, आणि पावतीवर व्यवहाराचा क्रमांक टाकायचा.

मोठ्या देणगीदाराला "८०जीची पावती देतो", म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी पावती, असं तोंडावर सांगून टाकू नका. धर्मादायकडे नोंदणी आहे म्हणजे ही करसवलत आपोआप मिळते असं नाही. त्यासाठी आयकर खात्याची वेगळी मान्यता लागते. ती असली तरी २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर सवलत मिळत नाही.

लकी ड्रॉची कुपनं विकून निधी उभा करण्याची टूम दर दोन वर्षांनी कुणीतरी काढतोच. सरकारी परवानगीशिवाय सोडत चालवणं हा गुन्हा आहे. विषय तिथेच संपवा. महाप्रसाद असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडच्या नोंदणीचं आधी बघा, आणि बासुंदी दुपारी करून रात्री वाढू नका.

रक्तदान शिबिर: आकड्याचा हव्यास

इथे चूक नियोजनाची कमी आणि हौसेची जास्त. नेत्याच्या वाढदिवसाला शहरात एकाच दिवशी दहा शिबिरं होतात, फ्लेक्सवर बाटल्यांचे आकडे झळकतात. पण रक्त साठवून ठेवायलाही मुदत असते. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. एप्रिल-मेच्या सुट्टीत आणि दिवाळीत कॉलेजं बंद असतात, दाते गावी जातात, आणि तेव्हाच रक्तपेढ्यांना ओढाताण होते. म्हणून आधी रक्तपेढीला फोन करून "तुम्हाला कधी हवंय आणि किती झेपेल" हे विचारा. आम्ही शिबिर गणपतीतून काढून मे महिन्यात नेलं. बाटल्या निम्म्यावर आल्या, अध्यक्ष महिनाभर फुरंगटून बसले होते.

दाते परत जातात ही दुसरी तक्रार. बहुतेकांचं कारण आधी सांगता आलं असतं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांचे तीन व स्त्रियांचे चार महिने झालेले हवेत. एवढं निमंत्रणाच्या मेसेजमध्येच लिहा. उपाशीपोटी येऊ नका हेही लिहा. चतुर्थीला शिबिर ठेवलंत तर अर्धी रांग उपासाची असते, हे आम्ही एकदा अनुभवलंय. चहा-बिस्किटांचं टेबल दाराशी मांडू नका, खाटांच्या जवळ मांडा. रक्त देऊन उठलेला माणूस लगेच चालत सुटला की दारात भोवळ येते. आमच्याकडे एक जण असाच पायरीवर बसला, आणि बाहेर उभ्या रांगेतले चौघे गुपचूप घरी गेले.

"जुने कपडे चालतील ना?"

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा आम्ही दोन दिवसांत एक टेम्पो भरला. निम्म्याहून जास्त कपडेच. त्यात जरीची साडी, लग्नातला ब्लेझर, एकाच पायातले तीन बूट. उतरवायला गेलो त्या व्हरांड्यात आमच्याआधी आलेल्या कपड्यांचा ढीग भिजत पडला होता. तिथल्या एका बाईंनी विचारलं, "खराटे आणलेत का?" घराघरात चिखल होता. त्यांना खराटे, फावडी, बादल्या, फिनेल, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड आणि पिण्याचं पाणी हवं होतं. आमच्याकडे यातलं फक्त पाणी होतं.

तेव्हापासून फेरी काढण्याआधी तिथे काम करणाऱ्या कुणाला तरी फोन लावतो आणि मिळालेली यादीच फलकावर लिहितो. यादीबाहेरचं सामान दारातूनच परत. लोक रागावतात, "द्यायला आलोय तर नखरे" म्हणतात. रागावू द्या.

एका कामासाठी गोळा केलेले पैसे दुसरीकडे वळवू नका. पूरनिधीतले १,८४० रुपये उरले तेव्हा कुणीतरी म्हणालं, गणपतीच्या लाइटिंगला घ्या, कुणाला कळणार आहे. आम्ही ते पैसे तिथल्याच एका शाळेला वह्यांसाठी पाठवले. शाळेच्या पोचपावतीची झेरॉक्स त्या वर्षीच्या जमाखर्चाशेजारी फलकावर लावली, अगदी काकूंच्या जिन्यासमोर.