सोयाबीन मोंढ्यात आणण्याआधी शिकागोचा भाव कसा वाचायचा

मी लातूरच्या मोंढ्यात आडतीवर दिवाणजी आहे. हंगामात रोज कुणीतरी टेम्पोतून उतरल्या उतरल्या विचारतं, "दिवाणजी, भाव वाढंल का?" हे मला कळत असतं तर मी पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, लिहीत बसलो असतो का? पण भाव कुठून येतो ते बघायची रीत आहे आणि हातात मोबाइल असला की ती कुणालाही जमते.

आधी अमेरिकेतल्या शिकागोच्या वायदे बाजाराचा आकडा काढा. वायदे म्हणजे पुढच्या महिन्यांत द्यायच्या मालाचे आजच ठरलेले सौदे. तिथं भाव बुशेलवर आणि सेंटमध्ये असतो. १०५० दिसलं की साडेदहा डॉलर समजायचं. सोयाबीनचं एक बुशेल म्हणजे २७.२ किलो, म्हणून क्विंटलसाठी ३.६७ नं गुणा. झाले साडेअडतीस डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ३,२७० च्या आसपास. हा आकडा आपल्या पट्टीवर जसाच्या तसा उतरत नाही. तिकडचं बहुतेक बी जीएम, म्हणजे जनुकं बदललेलं, आपलं तसं नाही. शिवाय जहाजभाडं आहे, कर आहे. आपण फक्त दिशा बघायची. तिकडं आठवडाभर घसरण आणि इथं चढ, असं दिसलं तर ओळखीच्या आडत्याला चढाचं कारण विचारा. बऱ्याचदा एखाद्या कारखान्याला दोन-चार दिवस माल कमी पडलेला असतो, एवढंच.

मग तेल. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं १८ किलोच्या आसपास, पण बाजार हलतो तो बऱ्याचदा तेलानंच. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो: पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. म्हणून दिल्लीचा आयातकर बघत चला. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचा मूळ कर शून्यावरून २० टक्के केला, मे २०२५ च्या अखेरीस तो १० वर आणला. कर वाढला की स्वयंपाकघरातून कुरकुर, उतरला की ओसरीवरून. दोन्ही माणसं एकाच घरातली, त्यामुळं सरकारला शिव्या मात्र बारमाही.

पेंडीकडं, म्हणजे तेल काढून जे उरतं त्याकडं, आमचे शेतकरी बघतच नाहीत आणि खरी गोम तिथंच आहे. क्विंटलमधले ८० किलो पेंडच असते आणि ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं होतं. कोंबडीवाल्यांनी ओरड केली, ऑगस्टमध्ये केंद्रानं १२ लाख टन जीएम पेंड आणायला परवानगी दिली, आणि नवा माल मोंढ्यात येईस्तोवर भाव निम्म्यावर. आता त्यात मक्याच्या इथेनॉलमधून उरणारा चोथा आलाय, डीडीजीएस म्हणतात त्याला. तो स्वस्त पडतो, म्हणून खाद्यवाले पेंड कमी घेतात. तेव्हा सोयाबीनच्या भावाबरोबर पेंडीचाही भाव विचारा.

आता कॅलेंडर. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपली आणि अमेरिकेची काढणी एकदमच येते, तेव्हा भावाची फार आशा धरू नका. येळवशीला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या वेळ अमावस्येला, आपण रानात कडब्याची कोप घालून भज्जी-आंबील खातो, तेव्हा ब्राझीलमध्ये उन्हाळा असतो आणि सोयाबीन रानात उभं असतं. तिकडं पावसानं ताण दिला की शिकागो हलतं. पाऊस बरा झाला तर फेब्रुवारी-मार्चात त्यांचा माल बंदरावर लागतो. माल ठेवायचा तर डिसेंबर-जानेवारीत तिथल्या पावसाच्या बातम्या वाचा.

येळवशीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या गावाकडं सोयाबीन आणि मागून हरभरा असं चक्र बसल्यापासून ज्वारी बांधाला गेली. कोपीला पाच पेंढ्या कडबा लागतो, तोही शेजाऱ्याकडून मागून आणतात. करडईच्या तेलाची बरणी गेली, पिशवीतलं तेल आलं. त्या पिशवीच्या मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते एकदा वाचा. पामोलीन निघालं तर आपलं सोयाबीन पाडणारं तेलच आपण भज्जीत घालतोय. माझं मत विचाराल तर एकरभर ज्वारी ठेवाच. भाकरीला आणि जनावराला शिकागोचा भाव लागत नाही.

विकायच्या दिवशी ओलावा घरूनच मोजून निघा. हमीभाव २०२५-२६ साठी ५,३२८ आहे, पण त्याला १२ टक्क्यांच्या आतला माल लागतो. सगळा माल एकदम आणू नका. देणी भागतील तेवढा दिवाळीआधी काढा. बाकीचा बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवता येतो. मालाच्या किमतीच्या ७५ टक्के कर्ज, व्याज ६ टक्के, मुदत सहा महिने. ४,४०० चा भाव धरला तर क्विंटलमागं ३,३०० उचल आणि सहा महिन्यांचं व्याज ९९ रुपये. म्हणजे भाव शंभरानं तरी वाढला पाहिजे. वाळून वजन घटतं ते वेगळं, आणि दुसऱ्यांदा आणायचं टेम्पोभाडंही त्यातच धरा.