ब्रिटनमध्ये अपंगत्वावरून भेदभाव झाल्यास ट्रायब्युनलकडे दाद कशी मागावी

इंग्लंड, वेल्स किंवा स्कॉटलंडमध्ये नोकरी करताना अपंगत्वावरून अन्याय झाला, तर २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टखाली (समानता कायदा) एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल या नोकरीविषयक न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो. त्यासाठी नोकरीला ठरावीक वर्षे झालेली असावी लागत नाहीत आणि २०१७ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून शुल्कही द्यावे लागत नाही.

प्रथम प्रत्येक घटनेची तारीख लिहून काढावी. दाव्यासाठी घटनेपासून आजवर चालत आलेली मुदत तीन महिने वजा एक दिवस इतकी आहे. ती वाढवण्याचे ठरले असले, तरी वाढीव मुदत आपल्याला लागू असल्याची खात्री होईपर्यंत जुनाच हिशेब धरावा. कंपनीतली अंतर्गत तक्रार प्रलंबित आहे म्हणून ही मुदत थांबत नाही, आणि निकालाची वाट पाहत बसलेल्या माणसाचा खरा दावाही इथेच हातचा जातो.

मग अपंगत्व दाखवावे लागते. रोजच्या कामांवर किरकोळ नव्हे असा परिणाम करणारी आणि १२ महिने टिकलेली किंवा टिकू शकेल अशी शारीरिक वा मानसिक व्याधी कायद्याला अभिप्रेत आहे. कर्करोग मात्र निदानापासूनच त्यात मोडतो. औषधाने त्रास आटोक्यात असला, तरी औषध नसते तर काय झाले असते, हे पाहिले जाते. दुखणे कमी करून सांगण्याची आपली सवय इथे घातक ठरते, म्हणून जिना चढणे, झोप, स्वयंपाक यांत नेमके काय अडते ते निवेदनात स्पष्ट लिहावे.

तक्रार केल्याचा सूड म्हणून पाळ्या बदलल्या किंवा बढती रोखली, तर तो स्वतंत्र दावा ठरतो. मूळ भेदभाव सिद्ध झाला नाही, तरी तो टिकू शकतो. तक्रार जाणूनबुजून खोटी नसावी, एवढेच. मात्र ‘माझ्यावर अन्याय होतो’ एवढ्याने भागत नाही. तो अपंगत्वामुळे होतो, हे मूळ तक्रारीत लेखी असेल, तर पुढचा वाद बराच टळतो. सहकाऱ्याच्या बाजूने साक्ष देणाऱ्यालाही हेच संरक्षण मिळते.

मुदतीच्या आत ‘एकॅस’ या तडजोड संस्थेला कळवावे. समेट न झाल्यास तिच्या प्रमाणपत्राचा क्रमांक ट्रायब्युनलच्या ‘ईटी१’ या दाव्याच्या अर्जात घालून भेदभाव आणि सूड हे दोन्ही दावे वेगवेगळे मांडावेत. सुनावणीत मध्ये विश्रांती किंवा दुभाषी हवा असेल, तर तेही ट्रायब्युनलला आधीच कळवावे.