बंब येण्याआधीचं काम: पेठेत अग्निशमन मदतगट कसा उभा करावा

आमच्या पेठेतल्या जुन्या वाड्याला आग लागली, तेव्हा बंब वेळेवर निघाला होता. वाडा शंभर पावलांवर राहिला आणि तो अडकला. कोपऱ्यावर एक टेम्पो उभा होता, आणि तो कुणाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जवान खांद्यावर होज (बंबाचा पाण्याचा पाइप) टाकून धावले. माणसं वाचली, माडी मात्र गेली. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर पहिलं काम हाती घेतलं ते अग्निशमन दलाच्या मदतगटाचं.

आधी केंद्रावर जा. सकाळची कवायत आणि गाडीची तपासणी आटोपली की अधिकाऱ्यांना भेटा आणि विचारा, "साहेब, तुमचं कुठे अडतं?" आम्ही ब्लँकेटं गोळा करायला निघालो होतो, त्यांना हव्या होत्या पाणी असलेल्या विहिरी. मग नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या. सोबत १८ वर्षं पूर्ण झालेल्यांचीच यादी, रक्तगट आणि घरच्यांच्या फोन नंबरासकट. रोख वर्गणीच्या फंदात पडू नका.

गटाला पहिल्या दिवशीच बजावून सांगा: आगीजवळ जायचं नाही. पाण्याचा मारा करायला शिकलेली माणसं आहेत. आपल्याकडे वाट, पाणी आणि माहिती.

वाटेसाठी आम्ही एक बांबू वापरतो. बंबाची रुंदी साधारण अडीच मीटर, म्हणून बांबूही तेवढाच कापला. दोन पोरं तो आडवा धरून गल्लीगल्लीतून चालतात. बांबू जिथे अडकेल तिथे बंब अडकणार. ओटा, दुकानाची पायरी, कायम उभी असलेली मोटार, सगळं वहीत लिहायचं. वर लोंबणाऱ्या तारा आणि ताडपत्र्याही बघायच्या. मग त्या घरी जाऊन शांतपणे बोलायचं. आमच्याकडच्या एका किराणावाल्याने बांबू आपल्या पायरीला टेकलेला पाहिला आणि त्याच आठवड्यात पायरी काढली. नोटिशीने ते झालं नसतं. गाड्यांच्या मालकांचे नंबर त्याच वहीत.

पाण्याचा हिशेब लोकांना खरा वाटत नाही. बंबाची टाकी पाच हजार लिटरची, पण एकच होज पूर्ण दाबाने चालवला तरी दहा-पंधरा मिनिटांत खाली होते. पुढचं पाणी कुठून, हे आधी ठरलेलं हवं. विहीर, सोसायटीची जमिनीतली टाकी, मंगल कार्यालयाचा हौद: कुलपाची किल्ली कुणाकडे, उन्हाळ्यात पाणी किती उरतं, गाडी किती जवळ जाते. मे महिन्यात पुन्हा फिरून या. पावसाळ्यात केलेली नोंद तेव्हा उपयोगाची नसते.

आग लागली की १०१ किंवा ११२ वर फोन करायचा. पत्ता सांगताना जवळची खूण सांगायची. नुसतं "देवळाजवळ" म्हणू नका, गावात देवळं पुष्कळ असतात. एकाने टॉर्च घेऊन चौकात उभं राहायचं. एकाने महावितरणच्या वायरमनला बोलवायचं. एकाने घरात किती माणसं होती आणि सिलिंडर कुठे आहे, हे घरच्यांकडून विचारून थेट अधिकाऱ्यांना सांगायचं. उरलेल्यांनी रस्त्यावर पसरलेल्या होजवरून दुचाकी जाऊ द्यायची नाही. पाणी भरलेल्या होजवर चाक गेलं की दाब तुटतो, होज फुटूही शकतो.

ज्यांना याहून जास्त शिकायचं असेल त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात आपदा मित्र योजनेची चौकशी करावी. मूळ योजनेत १२ दिवसांचं प्रशिक्षण होतं.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह. १४ ला जयंतीच्या मिरवणुकीमुळे बंब बंदोबस्तात असतो, म्हणून शाळेतलं प्रात्यक्षिक आम्ही दुसऱ्या दिवशी ठेवतो.

चहापाण्याचं काम कमी लेखू नका. मोठी आग चार-पाच तास चालते, आणि जवान त्या जाड कपड्यांत घामाने निथळत असतात. आधी मीठ-साखरेचं लिंबूपाणी, चहा नंतर. केळी, शेंगदाण्याची चिक्की. वाऱ्याच्या दिशेने धूर येणार नाही अशा ओट्यावर मांडा. जवान येऊन बसला की पेला लगेच पुढे करू नका. त्याचे हात काजळीने माखलेले असतात. आधी तांब्याने हातावर पाणी घाला, कोरडा पंचा द्या, मग पेला.