घड्याळ अमेरिकेत सरकतं, झोप जळगावात मोडते: या चुका टाळा

दर मार्चमध्ये मला तेच फोन येतात. टीममध्ये नवीन लागलेली एखादी मुलगी रडवेल्या आवाजात सांगते, "ताई, शिफ्ट तासभर अलीकडे आली आणि घरात रोज कटकट सुरू झाली." मी अकरा वर्षं जळगावात घरी बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या बिलिंगचं काम करते. हे एरंडोलच्या पुढे एका गावात शिक्षक आहेत. मी पहाटे झोपते, हे पहाटे उठतात. त्यामुळे पुढच्या बहुतेक चुका आम्ही स्वतः करून मोकळे झालो आहोत. तरुण जोडपी त्याच चुका पुन्हा करताना दिसली की जीव तुटतो.

आधी साधा हिशेब. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. २००७ पासून हेच वार ठरलेले आहेत. आपलं घड्याळ हलत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, आपल्याकडेही ते तासभर पुढे ठेवलं होतं, पण ती जुनी गोष्ट. म्हणून घरातल्या मोठ्यांना "अमेरिकेची वेळ बदलली" म्हटलं तर पटकन उमगत नाही, आणि ते समजावण्याचं काम आपलंच आहे. न्यूयॉर्कची नऊ ते सहा ही ड्युटी हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेचार असते. उन्हाळ्यात ती साडेसहा ते साडेतीन होते.

जोडीदाराला गजर समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते.

आमची तेव्हा सवय अशी होती की माझी शिफ्ट साडेचारला संपली की मी यांना हाक मारायची. मग हे तयार होऊन साडेपाचची एसटी धरायचे. उन्हं वाढल्यामुळे शाळा सकाळची झाली होती, सातची. यांना वेगळा गजर लावायची कधी गरजच पडली नव्हती. मार्चचा दुसरा रविवार आला. माझी शिफ्ट सोमवारपासून साडेसहाला सुरू होणार, हे मला पाठ होतं. पण ती संपणारही साडेतीनला, आणि यांचं उठणं तिलाच बांधलेलं आहे, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मंगळवारी पहाटे काम संपलं. सवयीने मी म्हणाले, "अहो, उठा, झालं माझं," आणि दमून आडवी झाले. हे उठून बसले, मोबाइल पाहिला, तर तीन पस्तीस. अजून वेळ आहे म्हणून पुन्हा टेकले. जाग आली ती दूधवाल्याच्या घंटीने, सहा वाजून दहा मिनिटांनी. एसटी गेलेली. शेजाऱ्यांची मोटारसायकल मागून हे शाळेत पोहोचले तेव्हा सात चाळीस झाले होते. त्या आठवड्यात शाळेच्या चाव्या यांच्याकडे होत्या. पोरं कुलूप लावलेल्या वर्गांबाहेर ओट्यावर दप्तरं मांडीवर घेऊन बसली होती. हे दोन दिवस घरात नीट बोलले नाहीत. राग माझ्यावर नव्हता, पण मला तसंच वाटलं, आणि मी उगाच उलटून बोलले.

त्यानंतर यांनी बॅटरीवर चालणारं टेबल घड्याळ आणलं. ते मोरीपाशी फळीवर असतं, म्हणजे बंद करायला उठून चालत जावंच लागतं. मोबाइलवर पाच-पाच मिनिटांचे सहा गजर लावणाऱ्यांना मी साफ सांगते की तुम्ही स्वतःची नाही, शेजारी झोपलेल्याची झोप मोडताय. गजर एकच, आणि ज्याचा त्याचा.

सोमवारीच एकदम तास बदलणं

घाईचे लोक रविवारी रात्रीपर्यंत काही करत नाहीत. एका तासाने काय होतं, असं म्हणतात आणि गुरुवारपर्यंत दोघंही चिडचिडे होतात. आपल्या मेंदूतलं घड्याळ साधारणपणे चोवीस तासांहून थोडं लांब चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं त्याला सोपं जातं आणि लवकर झोपणं जड जातं. मार्चमध्ये आमच्या घरात दोघांनाही लवकरच सरकायचं असतं, मला शिफ्टमुळे आणि यांना सकाळच्या शाळेमुळे. "माझंच अवघड आहे" असं जो आधी म्हणतो, तो चुकतो.

आम्ही आधीच्या मंगळवारपासून सुरुवात करतो. रोज पंधरा मिनिटं, फक्त झोपणं नाही तर जेवणही तेवढंच अलीकडे. शुक्रवारपर्यंत तास भरतो आणि शनिवार-रविवार हाताशी उरतात. यापेक्षा झटपट उपाय मी पाहिलेला नाही. कोणी मैत्रिणीच्या सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या घेतं तेव्हा मला मनापासून भीती वाटते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको.

उजेडाकडेही लोक दुर्लक्ष करतात. डोळ्यांतून आत जाणारा उजेडच त्या घड्याळाला चावी देतो. मी अकराला उठले की आधी ओट्यावर जाऊन दहा-पंधरा मिनिटं बसते, चहा नंतर. यांना तो उजेड एसटीतून उतरून शाळेकडे जाताना मिळतो. आणि काम संपल्यावर झोपण्याआधी मी ट्यूबलाइट लावत नाही. मोरीतला छोटा दिवा पुरतो.

वेगळं झोपण्याची लाज

एका खोलीत मी फोनवर विमा कंपनीशी बोलणार आणि त्याच खोलीत हे साडेनऊला झोपणार, असं दोन वर्षं रेटलं. कारण एकच, लोक काय म्हणतील. सासूबाई गावाहून आल्या की माझ्या खोलीच्या दाराकडे पाहून विचारायच्या, "अजून जपेल शे का?" म्हणजे अजून झोपलेलीच आहे का? त्यांचं चुकत नव्हतं. सून अकरापर्यंत झोपलेली त्यांनी कुठे पाहिली होती? मी एकदा त्यांना माझ्याजवळ रात्री दोनपर्यंत बसवलं. मला काम करताना त्यांनी पाहिलं आणि पुढे गल्लीत त्याच माझ्या बाजूने बोलू लागल्या. आता कामाच्या दिवशी हे पुढच्या खोलीत झोपतात, मी मागच्या. मागच्या खिडकीला जुनी सतरंजी दुहेरी करून लावली आहे. झोप वेगळी ठेवली म्हणजे संसार वेगळा झाला नाही, हे नव्या जोडप्यांनी एकमेकांना पहिल्याच आठवड्यात तोंडाने सांगावं.

आमच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय सकाळची झोप लागत नाही. त्याची घरघर चांगलीच, बाहेरचे आवाज दाबते. पण वीज गेली की ती अचानक थांबते आणि त्या शांततेनेच जाग येते. इन्व्हर्टरवर निदान पंखा चालेल अशी सोय करा. आणि शिफ्टवाल्याने गच्चीवर झोपू नये. जूनमध्ये पावणेसहालाच ऊन अंगावर येतं.

दुपारची गोष्ट नाजूक आहे. सकाळच्या शाळेमुळे हे एकला घरी येतात आणि मी तेव्हा नुकती ताजी झालेली असते. मला बोलायचं असतं, यांचे डोळे मिटत असतात. यांनी दोन तास ताणून दिली की रात्री साडेनऊला झोप नाही. म्हणून आमच्याकडे दुपारी अर्धा तासच, आणि उठवायचं काम घड्याळाचं.

पहाटे साडेतीनला हप्ते, मुलांच्या फिया, माहेर-सासर यातलं काहीही काढू नका. एक झोपेतून उठलेला असतो, दुसरा झोपेला आलेला.

रात्री दोनचा कडक चहा सोडा. त्यातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं.

युरोपचं काम असेल तर तारखा वेगळ्या आहेत, मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. नवऱ्याचा क्लायंट लंडनचा आणि बायकोचा न्यूयॉर्कचा असेल, तर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे घरात एकाचंच वेळापत्रक बदललेलं असतं. ते आधीच मांडून ठेवा. ॲरिझोनाच्या बहुतेक भागात घड्याळ बदलतच नाही, तेही विचारून घ्या.

हे फक्त कॉम्प्युटरवाल्यांचं दुखणं नाही. माझं माहेर यावल तालुक्यातलं, केळीचं. शेतीची थ्री फेज लाइट, म्हणजे मोटारीची वीज, तेव्हा एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असायची. माझा भाऊ एका आठवड्यात मध्यरात्री पाणी भरायला जायचा आणि पुढच्या आठवड्यात पहाटेच उठायचा. वहिनी दोन्ही आठवडे पाचलाच उठायची, शिवाय रात्री तो बांधावरून सुखरूप परत येईपर्यंत जागी राहायची. त्या घरात कोणाची झोप जास्त मोडली, हे कोणी कधी विचारलं नाही. तुमच्या घरात विचारा.

नोव्हेंबरमध्ये तास परत मिळतो, आणि बहुतेक जण तो मोबाइलमध्ये घालवतात. तेव्हा शाळा दिवसाची असते, हे सहाला घरी येतात आणि माझी शिफ्ट साडेसातला. तोवर बामणोदची हिरवी वांगी बाजारात आलेली असतात. बदलानंतरच्या पहिल्या सोमवारी आमच्याकडे भरीत ठरलेलं. हे वांगी भाजतात, मी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी टाकते, आणि सव्वासातला हात धुऊन मी हेडफोन लावते.